लाल दोऱ्यांचं घर

९ फेब्रुवारी

धाकट्या,

रजिस्टर पत्र बघून दचकला असशील तर आधी सांगते, कोणी गेलेलं नाही. जाण्यासारखी आता मीच उरले आहे, आणि मी अजून जिना चढते.

घर विकायला काढलं आहे. आईने ते आपल्या दोघांच्या नावावर केलं होतं, तेव्हा तुझ्या सहीवाचून विकता येणार नाही. एक तर तू स्वतः येऊन नोंदणी कचेरीत सही करायची. नाहीतर तिकडच्या वकिलाकडून मुखत्यारपत्र करून पाठवायचं, म्हणजे तुझ्या वतीने मी सही करू शकते असा कागद. दोन्ही चालतं, असं कारकून म्हणाला. मला विचारशील तर तू आलेलं बरं. वरची तुझी खोली तशीच आहे. खणात तू दुरुस्त करायचास त्या वजनकाट्यांचे स्क्रू, स्प्रिंगा आणि कसले कसले तुकडे आहेत. त्यातलं काय ठेवायचं आणि काय फेकायचं, मला काय कळणार?

विकते आहे ती डोळ्यांपायी. मधलं दिसेनासं होत चाललं आहे, कडेचं दिसतं. तू समोर उभा राहिलास तर मला तुझे कान दिसतील, तोंड दिसणार नाही. एकतीस वर्षं कारखान्यात दिव्याच्या टेबलावर कापड तपासलं म्हणून असं झालं का, विचारलं डॉक्टरांना. म्हणाले, तसं काही नसतं, वयाने होतं. गेल्या महिन्यात जिन्यावरून घसरले. चारच पायऱ्या, फार नाही. पण खाली पडल्यावर हाक कोणाला मारायची, हे मला पटकन सुचेना. म्हणून बायकांच्या वसतिगृहात तळमजल्यावरची एक खोली बघून ठेवली आहे.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. आई होती तोवर ती मध्ये होती. "त्याला सांग", "तिला सांग" करत अकरा वर्षं बोललो आपण. ती जाऊन आठ वर्षं झाली. आता मध्ये कोणी नाही, तेव्हा जे काय ते सरळ.

एकच सांगते आणि तो विषय मिटवते. त्या दिवशी तुझ्या त्या लायब्ररीतल्या मुलीच्या वडिलांना मी जे सांगितलं ते खरं होतं. खरं बोलल्याची माफी मी मागणार नाही, आणि तू मला ती मागायला लावलीही नाहीस. तू नुसता निघून गेलास.

अक्षर तिरकं गेलं असेल. पट्टी धरून लिहिते आहे, तरी ओळ सुटते.

ताई


२३ फेब्रुवारी

धाकट्या,

पोचपावती आली. तुझी सही भिंगाखाली धरून बघितली. पूर्वी शेवटच्या अक्षराला शेपटी काढायचास, ती गेली. पत्र तुझ्या हातात पडलं एवढं कळलं. वाचलंस का, ते पावतीवर लिहून येत नाही.

कोपऱ्यावरचा दलाल येऊन गेला, न बोलावता. त्यांना वास लागतो. घरभर फिरला, भिंतींवर टकटक केली आणि मग मलाच शिकवायला बसला. ओल आलेल्या भिंतीवर मोठं कॅलेंडर लावा. जिन्याच्या हलत्या पायरीवर पायपुसणं टाका. संध्याकाळी कोणाला बोलावू नका, तेव्हा मागच्या गल्लीत टेम्पो लागतात. "मावशी, घर दाखवायचं असतं, सांगायचं नसतं," म्हणाला.

मी म्हटलं, "मी जन्मभर कापड तपासलं आहे. खोट झाकली तर दुसऱ्या दिवशी येऊ नका, असं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं."

"आता कुठे नोकरी आहे तुम्हाला?" म्हणाला आणि हसला.

त्याला दार दाखवलं. ते फुगलंय आणि नीट लागत नाही, हेही जाता जाता सांगितलं.

मग ठरवलं, मधला माणूस नको. आपलं घर आपण विकायचं. फाटकाला पाटी लावली आणि कपाटातून लाल दोऱ्याचं रीळ काढलं. तुला आठवत असेल, कापडात खोट दिसली की आम्ही तिच्या रेषेत, ताग्याच्या काठाला एक लाल दोरा बांधायचो. गिऱ्हाइकाने ताग्याचा नुसता काठ बघितला तरी आत किती ठिकाणी खोट आहे ते त्याला कळायचं. उलगडून बघा, शोधा, फसा, ही भानगडच नाही. तेच मी घराला केलं. गळक्या नळाला दोरा. न लागणाऱ्या खिडकीच्या कडीला दोरा. ओलीच्या भिंतीला खिळा ठोकून त्याला दोरा. सातव्या पायरीशी कठड्याला दोरा. दोन दिवसांत सव्वीस झाले. टेम्पोंसाठी मागच्या दाराला एक बांधला, तो धरून सत्तावीस. डोळ्यांनी जे सापडलं नाही ते हाताने चाचपून शोधलं. हात अजून शाबूत आहेत.

गाठ आमच्या कारखान्याचीच मारली, दोन उलटे वळसे घालून दात लावून ओढायची ती. सुटत नाही, कापावीच लागते. तू आठ वर्षांचा असताना हट्ट करून माझ्याकडून शिकलास आणि दुसऱ्या दिवशी बुटाच्या नाडीला मारून शाळेत गेलास. संध्याकाळी आईला कात्रीने नाडी कापावी लागली. तीन दिवस तेच. चौथ्या दिवशी तिने माझ्याच पाठीत धपाटा घातला.

तेव्हाच कधीतरी तू मला विचारलं होतंस, "ताई, खोट आणि खोटं एकच का गं?" मी म्हटलं, "नाही, मध्ये एक टिंब आहे." तू वहीत दोन्ही लिहून बघितलंस आणि म्हणालास, टिंब फारच लहान आहे.

दोरे बांधताना हे आठवत होतं. ये एकदा. मोज तरी.

ताई


११ मार्च

धाकट्या,

दुसऱ्या पत्राचीही पावती आली. बरं.

घर बघायला नऊ जण येऊन गेले. बेकरीवाला आणि त्याची बायको आली. ती आत पाय ठेवल्या ठेवल्या म्हणाली, "किती छान सजवलंय, काही समारंभ आहे का?" मी एकेका दोऱ्याची हकिगत सांगितली. चौदाव्या दोऱ्याला नवऱ्याला अचानक भट्टी आठवली.

एक निवृत्त बस कंडक्टर आले. दोरे तिकिटांसारखे मोजत गेले, बोटाला थुंकी लावायची तेवढी बाकी ठेवली. खाली येऊन म्हणाले, "बाई, आधी दोन घरं बघितली. त्यांत असलं काही नव्हतं."

"असलं होतं. दोरा नव्हता," मी म्हटलं.

"ते मला कळतंय हो. पण आमच्या घरची माणसं बघायला येतील, त्यांना दोराच दिसणार."

चांगला माणूस. चहा घेऊन गेला. शेजारीण मला रोज सांगते की निदान चार-पाच दोरे तरी काढ, घर तुझ्या गळ्यात पडेल अशाने. मी तिला म्हणते, माणसं फसून आली तर ती घरात राहतात, पण मला शिव्या घालत राहतात. त्यापेक्षा न आलेली परवडली.

तुझ्या बाबतीतही मी हेच केलं होतं, धाकट्या. तू मला कधी विचारलं नाहीस, म्हणून मी कधी सांगितलं नाही. आता लिहिते. तिचे वडील खालच्या खोलीत बसले होते, तू चहाला दूध आणायला गेला होतास. ती लायब्ररीतली मुलगी मला आवडली होती, खोटं कशाला बोलू. वडील म्हणाले, "तुम्ही वडीलधाऱ्या. आमच्या मुलीला सांगण्यासारखं काही असेल तर आत्ताच सांगा." मी म्हटलं, "त्याला आकडी येत असे." तू दूध घेऊन आलास तेव्हा ते चपला घालत होते.

त्यांनी विचारलं, मी सांगितलं. एका माणसाने दुसऱ्याच्या घरी मुलगी द्यायची तर त्याला कळायला नको? तू नंतर स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून एवढंच म्हणालास, "ताई, का?" मी म्हटलं, "कारण खरं आहे." तीन महिन्यांनी बॅग उचललीस.

येत असे, म्हटलं मी. येते, असं म्हटलं नव्हतं. हे तुला कोणी सांगितलं नसेल.

ताई


२९ मार्च

धाकट्या,

घराला गिऱ्हाईक मिळालं.

नर्सबाई आहेत, मोठ्या दवाखान्यात. चाळिशीच्या असतील. बरोबर त्यांचे वडील, कानाने पार गेलेले. नर्सबाई फार बोलल्या नाहीत. एकेका दोऱ्यापाशी थांबायच्या, मी सांगायचे, त्या छोट्या वहीत लिहून घ्यायच्या. वडील मागून येऊन प्रत्येक गाठ ओढून बघायचे. एकही सुटली नाही म्हणून खूश झाले.

"मला हे बरं वाटलं," नर्सबाई म्हणाल्या. "आधीच्या घरात आम्ही राहायला गेल्यावर एकेक कळत गेलं. इथे सगळं आधीच कळलं. एकेक करून घेईन."

मग वर तुझ्या खोलीत आलो. त्यांनी छताकडे बघितलं. खिडकीच्या वर तो मोठा ठिगळासारखा डाग आहे ना, सिमेंटचा रंग वेगळा दिसतो तो. त्या म्हणाल्या, "इथे गळतं ना? इथे दोरा राहिला का?"

राहिला नव्हता. मी बांधलाच नव्हता. तिथे धो धो गळायचं, पण तू जायच्या आधी, त्या तीन महिन्यांत, शिडी लावून तुझ्या हाताने ते बुजवलंस. माझ्याशी बोलत नव्हतास आणि घर मात्र दुरुस्त करत होतास. एकोणीस पावसाळे गेले, थेंब नाही.

मी त्यांना म्हटलं, "ती खोट दुरुस्त झाली आहे. आमच्या कारखान्यात नियम होता. रफू होऊन आलेल्या जागेला दोरा बांधायचा नाही. होता तो काढून टाकायचा. साहेब म्हणायचे, रफू झाल्यावर पुन्हा दोरा बांधणं म्हणजे रफू करणारीच्या तोंडावर थुंकणं."

नर्सबाई डागाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चांगला नियम आहे. आमच्याकडे उलटं. पेशंटच्या कागदावर एकदा लिहिलं की ते पुसत नाहीत. लहानपणी काही होऊन गेलेलं असतं, आणि म्हातारपणापर्यंत प्रत्येक जण त्याला तेच विचारतो."

त्या सहज बोलल्या. लगेच खिडकीकडे वळल्या, ऊन कुठून येतं ते विचारलं. मी काय उत्तर दिलं, आठवत नाही. मी खाटेवर बसले. त्यांना वाटलं चक्कर आली. पाणी दिलं, नाडी बघितली.

सत्तावीस एप्रिलला नोंदणी ठरली आहे, सकाळी अकराला. त्यांना महिनाअखेर आधीची जागा सोडायची आहे, त्यामुळे तारीख पुढे जाणार नाही.

थांबते. पट्टी सरकली.

ताई


३ एप्रिल

धाकट्या,

मुखत्यारपत्राचा नमुना सोबत आहे. तुझं नाव दोन ठिकाणी, सही तीन ठिकाणी, तिथल्या वकिलाचा शिक्का. येणार असशील तर यातलं काही नको.

तुझ्या खणातले स्क्रू एका डब्यात भरले. निळ्या झाकणाचा डबा. बाकी काही फेकलं नाही.

या पत्रात आणखी एक पान होतं, ते फाडलं.

ताई


८ एप्रिल

धाकट्या,

फाडलेलं पान पुन्हा लिहिते. या वेळी लिहून झालं की लगेच पोस्टात टाकणार. शेजारणीला बरोबर घेतलं आहे, ती ओट्यावर बसली आहे, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

तुला शेवटची आकडी आली तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास. मीच तुझं डोकं मांडीवर धरलं होतं. त्यानंतर पाच वर्षं गोळ्या घेतल्यास, आणि मग डॉक्टरांनी आईसमोर आणि माझ्यासमोर सांगितलं, "हे गेलं. आता विसरून जा. आणि कोणाला सांगत बसू नका." तिचे वडील आले तेव्हा तू अठ्ठावीस वर्षांचा होतास. मधली सतरा वर्षं मी तुझ्या शेजारच्या खोलीत झोपत होते. काही नव्हतं तुला. हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

रफू झालेल्या जागेला मी दोरा बांधला. एकतीस वर्षांत कारखान्यात कधी केलं नाही ते घरात केलं.

आणि ते चुकून झालं नाही. आता नीट वाच, मला दुसऱ्यांदा लिहिता येणार नाही. आदल्या दिवशी तू जिन्यात मला म्हणालास, "ताई, तिचे वडील मला त्यांच्या गावी दुकान काढून देतो म्हणतात. लग्न झालं की आम्ही तिकडेच जाऊ. आईचं तू बघशील ना?" किती आनंदात होतास. मी म्हटलं, बघेन की. आईचा उजवा हातपाय जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. तिला उचलायला दोन माणसं लागायची. सकाळी कारखान्यात जायच्या आधी तू एका बाजूने आणि मी एका बाजूने. मी त्रेचाळीस वर्षांची होते. मला कोणी बघायला आलं नव्हतं, आणि आता येणारही नव्हतं. मला दिसलं की तू जाणार, आणि या घरात मी आणि ती खाट, एवढंच राहणार. मी घाबरले, धाकट्या. फार घाबरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं आणि मला वाट सापडली. अशी वाट की पुन्हा मला कोणी नाव ठेवू शकणार नाही, कारण शब्द न् शब्द खरा.

"येत असे" म्हटलं, "येते" म्हटलं नाही, असं मी तुला मागच्या महिन्यात मोठ्या तोऱ्यात लिहिलं. त्यांना तो फरक कळणार नाही, हे मला बोलताना माहीत होतं. त्यांनी विचारलं असतं, "अजून येते का?" तर मी नाही म्हटलं असतं. त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. चपला घालताना त्यांना हाक मारता आली असती. मी कपबश्या गोळा करत राहिले.

मी खोटं बोलले नाही, खोट सांगितली, असं म्हणत मी एकोणीस वर्षं काढली. ते टिंब खरंच फार लहान आहे.

आणि बघ काय झालं. तुला अडवायला केलं आणि तू तरीही गेलास, एकटा. आईला मी एकटीनेच अकरा वर्षं उचललं. ते मला भोवलं, ते ठीक. पण तुझं काय? आई गेली त्या दिवशी तू आलास, दारात उभा राहिलास, आत आला नाहीस. तुझ्या बरोबर कोणी नव्हतं. मी विचारलंही नाही की आहे का कोणी. मला उत्तर नको होतं.

आईला यातलं काही माहीत नव्हतं. तिला वाटायचं तू त्या मुलीसाठी रुसलास. मी तिला तसंच वाटू दिलं.

आता सहीसाठी बोलावत नाही. सही मुखत्यारपत्रानेही होईल. मला वाटतं तू यावंस, घर आहे तोवर, एकदा आत यावंस. मला तुझं तोंड दिसणार नाही, तेव्हा माझ्याकडे बघायला तुला जड जाऊ नये. हवं ते बोल. न बोलता बसलास तरी चालेल.

पाकिटात एक वीतभर लाल दोरा घातला आहे. तुझ्या बाजूने हे रफू झालं असेल, एवढ्या वर्षांत आपोआप बुजलं असेल, तर दोरा तसाच मोकळा परत पाठव. झालं नसेल तर बांध. मी वाद घालणार नाही. आता तपासनीस तू.

शेजारीण हाक मारते आहे, पोस्ट बंद होईल म्हणून.

ताई


२१ एप्रिल

धाकट्या,

पावती आली, सही तुझीच आहे.

सत्तावीसला अकरा वाजता. कचेरी स्टेशनपासून सरळ, डाव्या हाताला. मी दहालाच जाऊन बसेन.

तुझ्या खोलीत चादर बदलली आहे.

ताई


४ मे

धाकट्या,

हे पत्र वसतिगृहातून लिहिते आहे. पत्ता वर घातला आहे, शेजारच्या खोलीतल्या बाईंच्या अक्षरात, म्हणून वाचता येईल.

तुझं पाकीट पंचवीसला आलं. हातात घेतल्यावर जाड लागलं, मला वाटलं पत्र आहे. आत मुखत्यारपत्र होतं, तीन पानी, सगळ्या सह्या जागच्या जागी, शिक्का स्वच्छ. दुसरं काही नव्हतं. पाकीट फाडून उलटं केलं, आत बोट फिरवलं. मग कागद टेबलावर ठेवताना डाव्या कोपऱ्यात हाताला लागलं.

तू पानांना भोक पाडून त्यातून दोरा ओवला होतास आणि गाठ मारली होतीस. डोळ्यांना नुसतं लाल दिसत होतं, पण बोटांनी ती लगेच ओळखली. दोन उलटे वळसे, दात लावून ओढलेली. आमचीच. सुटते का ते मी बघितलं, तुझ्यापासून काय लपवायचं. नखाने बघितलं, सुईने बघितलं. नाही सुटली. तू ती नीट शिकला होतास.

मी त्या दिवशी जेवले नाही. शेजारणीने विचारलं, भाऊ येतोय का? मी म्हटलं, त्याचं उत्तर आलं.

तरीही सत्तावीसला मी दहालाच जाऊन बसले. मुखत्यारपत्र पाठवूनही माणूस येऊ शकतो, असं मी स्वतःला सांगत होते. बाकावर दाराकडे तोंड करून बसले. दारातून जो येईल त्याचे मला कान दिसायचे, आणि प्रत्येकाचे तुझे वाटायचे. नर्सबाई आणि त्यांचे वडील पावणेअकराला आले. सव्वाअकराला आमचा नंबर लागला.

कारकुनाने कागद घेतला आणि म्हणाला, "मावशी, हे काय बांधलंय? यंत्रात अडकेल." मी म्हटलं, राहू द्या, ते कागदाचंच आहे. तो म्हणाला, "कागदाला असलं काही लावायचं नसतं," आणि माझा हात पुढे जायच्या आत त्याने कात्रीने दोरा कापून टोपलीत टाकला. मी सही करायला नकार दिला. सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. कारकून म्हणाला, "अहो, दोराच आहे." नर्सबाईंनी टोपलीत हात घालून कागदांचे कपटे उपसले, दोरा शोधला आणि माझ्या तळहातावर ठेवला. मग मी सही केली. माझी एक आणि तुझ्या वतीने तीन.

दोरा कापला गेला, पण गाठ तशीच आहे. कात्री कारकुनाने चालवली, तू नाही. तेवढं मला कळतं.

घराची किल्ली दिली. दोरे काढू का, विचारलं, तर नर्सबाई म्हणाल्या, नको, एकेक काम होईल तसा एकेक मीच कापीन. काल त्यांचा फोन आला होता. नळ बसवला, पहिला दोरा कापला. आता सव्वीस राहिले. त्यांचे वडील तुझ्या खोलीत झोपतात.

तुझा निळ्या झाकणाचा डबा माझ्या खाटेखाली आहे. हवा तेव्हा मागव. आणायला कोणाला पाठवलंस तरी देईन, पण त्याच्याकडे तुझी चिठ्ठी असू दे.

गाठीचं काय करायचं, ते मला दोन दिवस सुचेना. पाकिटात ठेवली, तर रोज पाकीट उघडून चाचपून बघायचे. मग आठवलं की ती ठेवायची जागा तर ठरलेलीच असते. ज्या कापडात खोट, त्याच्याच काठाला दोरा. मी माझ्या राखाडी शालीच्या काठाला ती शिवून घेतली, उजव्या बाजूला, खांद्यावर घेतली की बोट जातं तिथे. सुईत दोरा ओवून शेजारच्या बाईंनी दिला, टाके मी घातले. बाईंनी विचारलं, हे लाल कशाला? मी सांगितलं. विचारलं की मी सांगते, हे तर तुला ठाऊकच आहे. या वेळी सगळं सांगितलं.

तुझी तपासणी बरोबर आहे. मी वाद घालणार नाही म्हटलं होतं, घालत नाही.

डोळ्यांचं मधलं आता बरंच गेलं आहे. हे बहुतेक माझ्या हातचं शेवटचं पत्र, पुढची पत्रं शेजारच्या बाई लिहितील. त्यांना सांगून ठेवलं आहे की मी म्हणेन तेच लिहायचं, स्वतःचं घालायचं नाही.

खोली बरी आहे. खिडकी लागते, नळ गळत नाही. फाटकातून आत आलं की उजवीकडचं दुसरं दार. मध्ये एकही पायरी नाही.

ताई